रानात न्यायची दुर्बीण पारखून कशी घ्यावी

दुर्बीण घ्यायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती लांबचं दिसतं?" लांबचा तर चंद्रही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. विचारायचं ते असं, की सूर्य मावळून पंधरा-वीस मिनिटं झाल्यावर झाडीच्या कडेला उभा असलेला गवा नर आहे की मादी, हे हिच्यातून कळेल का? सगळी निवड या एका प्रश्नाभोवती फिरते.

परदेशात 'हंटिंग'चा शिक्का मारून ज्या दुर्बिणी विकतात त्या याच वेळेसाठी बनवलेल्या असतात, कारण जनावर उघड्यावर येतं ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. त्याआधीच, १९५८ साली, कोल्हापूर संस्थानच्या शिकारीच्या रानात दाजीपूरचं गवा अभयारण्य झालं होतं. बंदूक गेली, पण गव्याची सड्यावर (उघड्या खडकाळ पठारावर) यायची वेळ तीच राहिली. म्हणून शिकाऱ्याचे निकष आपल्यालाही लागू पडतात. अपवाद एकच: आत लेझरने अंतर मोजणारी महागडी यंत्रणा. गोळी झाडायची नाही, तर तिचे पैसे वाचवा.

१. आकड्यांचा हिशेब घरीच करा

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५. डोळ्याकडच्या बाजूने प्रकाशाची जी गोल तबकडी बाहेर पडते, तिचा हा व्यास.

आता डोळ्याचं गणित. भर उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडते, अंधार पडताना तरुण माणसाची सातपर्यंत जाते, पन्नाशीनंतर बहुतेकांची पाचच्या आसपास अडते. १०×२५ ची तबकडी अडीच मिलिमीटर. दुपारी ती छान चालते, पण संध्याकाळी बाहुली उघडी आणि प्रकाश तुटपुंजा, म्हणून सगळं काळं. ८×४२ ची सव्वापाच, १०×४२ ची ४.२, ८×३२ ची ४. जर्मनीकडचे शिकारी मचाणावर रात्री बसायला ८×५६ घेतात, तिची तबकडी पुरी सात मिलिमीटर. पण ती किलोभराहून जड, आणि वय साठ असेल तर तिचा बराचसा प्रकाश बाहुलीबाहेरच सांडणार. ते वजन गळ्यात वागवण्यात मग अर्थ उरत नाही.

२. आठ की दहा?

सगळ्यात जास्त वाद याच्यावर होतो. दहा पटीत जनावर मोठं दिसतं हे खरं, पण हाताचा कंपही दहा पट होतो आणि दिसणारा पट्टा आक्रसतो. हा पट्टा डब्यावर अंशात किंवा '१००० मीटरवर इतके मीटर' असा दिलेला असतो, अंशांना १७.५ ने गुणलं की मीटर निघतात. ८×४२ मध्ये साधारण १२० ते १४० मीटर, १०×४२ मध्ये १०० ते ११५.

राधानगरीच्या दाट झाडीत शेकरू एका फांदीवरून दुसरीवर झेप घेतं किंवा धनेश डोक्यावरून जातो, तेव्हा त्याला पट्ट्यात पकडायला चार सेकंदंही मिळत नाहीत. तिथे आठच. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारख्या मोकळ्या जागी किंवा तलावाच्या पल्याडचे पक्षी पाहायचे, तर दहा. अमेरिकेच्या पश्चिमेकडचे शिकारी उघड्या डोंगरउतारांवर दहा पसंत करतात ते याच कारणाने. बारा किंवा पंधरा पट तिकाटण्याशिवाय (ट्रायपॉडशिवाय) घेऊच नका. दोन्हीकडे फिरणारे असाल आणि तरी मनाचा निर्णय होत नसेल, तर ८×४२ घ्या आणि विषय संपवा.

३. डब्यावरच्या थापा

'१०००×१०००', '१०-१८०×१००', 'नाइट व्हिजन' असलं काही लिहिलेलं दिसलं की हात मागे घ्या. काचा लालभडक चमकत असतील तर त्याला रुबी कोटिंग म्हणतात. तो लेप लाल प्रकाश बाहेर परतवतो, म्हणून आतलं दृश्य निळंहिरवं पडतं. झूमच्या दुर्बिणीत पट वाढवली की तबकडी बारीक होते आणि अंधार येतो.

तपासायला एक पट्टी पुरते. दुर्बीण उजळ आभाळाकडे धरा, सूर्याकडे कधीच नको. डोळ्यापासून हातभर लांब नेली की नेत्रिकेत, म्हणजे डोळ्याकडच्या काचेत, प्रकाशाचे दोन गोल दिसतील. नेत्रिकेवर पट्टी टेकवून एकाचा व्यास मोजा आणि पटीने गुणा. '१०×७०' म्हणवणारीचा गोल तीन मिलिमीटर भरला, तर आतून काच तीसच मिलिमीटरची वापरात आहे. उरलेली शोभेची.

तेच गोल नीट पाहा. कडा पूर्ण गोल असतील तर आतले प्रिझम (उलटी प्रतिमा सुलटी करणारे काचेचे ठोकळे) सहसा बीएके-४ काचेचे. चौकोनी करड्या सावल्यांनी कडा खाल्लेल्या असतील तर स्वस्तातले बीके-७.

४. प्रिझम आणि कोटिंग

पोरो प्रिझमची दुर्बीण खांदे पडल्यासारखी रुंद दिसते, रूफ प्रिझमची सरळ नळ्यांची. रूफ सुटसुटीत आणि पाण्यापासून बंद करायला सोपी, पण तिच्यात फेज कोटिंग (प्रिझमवरचा खास लेप) नसेल तर बारीक तपशील पुसट होतो, आणि स्वस्त रूफमध्ये नेमकं तेच गाळलेलं असतं. म्हणून हाताशी पाच-सहा हजारच असतील तर नावाजलेल्या कंपनीची पोरो घ्यावी. त्याच किमतीच्या रूफपेक्षा ती बहुधा उजळ निघते.

कोटिंगचे शब्द नीट वाचा. नुसतं 'कोटेड' म्हणजे एखाद-दुसऱ्या पृष्ठभागावर एक लेप. हवं ते 'फुली मल्टी-कोटेड'. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार टक्क्यांच्या आसपास प्रकाश परततो. एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरले तरी तिसरा हिस्सा उजेड वाटेतच जातो.

५. डोळ्याला जुळवून पाहा

निम्म्या चांगल्या दुर्बिणी इथे बदनाम होतात. आधी मधला सांधा उघडझाप करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. मग पुढची उजवी काच हाताने झाका (डोळा मिटू नका, मिटल्याने दुसऱ्यावर ताण येतो) आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्पष्ट करून घ्या. आता डावी काच झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेवरचं कडं फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडं कुठल्या खुणेवर थांबलं ते लक्षात ठेवा. यापुढे फिरवायचं ते फक्त मधलं चाक. घरातल्या दुसऱ्या कुणी कडं हलवलं की तुमचं डोकं दुखणार, आणि दोष दुर्बिणीला.

चष्मा असेल तर आय रिलीफ (नेत्रिकेपासून डोळा किती लांब ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसतं ते अंतर) १५ मिलिमीटरपेक्षा कमी नको, १६-१७ उत्तम. चष्मेवाल्यांनी आयकप (नेत्रिकेभोवतीच्या डोळा टेकवायच्या कडा) आत फिरवायचे, बाकीच्यांनी बाहेर. कडेला काळ्या चंद्रकोरी येत असतील तर आयकपची उंची चुकली आहे. लहान मुलासाठी घेताय तर नेत्रिका पुरेशा जवळ येतात का तेही पाहा. बऱ्याच दुर्बिणी ५६ मिलिमीटरच्या आत मिटत नाहीत.

६. दुकानाबाहेर, आणि शक्यतो रंकाळ्यावर

दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये प्रत्येक दुर्बीण चांगलीच दिसते. बाहेर रस्त्यावर या. दूरची आडवी तार किंवा घराचं आढं पाहा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून थोडी लांब न्या. दोन वर्तुळांतली रेघ वरखाली तुटली, तर नळ्या समांतर नाहीत. ती दुरुस्तीच्या भानगडीत न पडता परत द्या.

ऑनलाइन मागवली असेल तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत एक संध्याकाळ रंकाळ्यावर घालवा. वारकरी पक्षी शोधा: काळं अंग आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा. काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर जांभळी किंवा हिरवी झालर दिसली तर काच रंग फोडते आहे. ईडी काचेत (रंग कमी फोडणाऱ्या खास काचेत) ही झालर बरीच कमी होते. मग हळदी-कुंकू बदक: काळ्या चोचीच्या टोकाला पिवळं, बुडाशी लाल ठिपका. दिवेलागणीला ती हळद आणि ते कुंकू किती वेळ वेगळं ओळखू येतं, ते घड्याळ लावून पाहा. दोन दुर्बिणींत निवडायचं असेल तर दोघींना एकाच संध्याकाळी, एकाच काठावर. शेवटी तलावातल्या संध्यामठाच्या दगडांच्या सांध्यांवर नजर लावा. मधोमध रेघ धारदार असून कडेला विरघळत असेल, तर थोडं चालतं, निम्मं वर्तुळ विरघळत असेल तर नाही.

७. आपल्या पावसात टिकेल का?

'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे चार थेंब. आयपीएक्स-७ हा पाणी रोखण्याचा दर्जा म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. शिवाय आत नायट्रोजन किंवा आरगॉन भरलेला असावा. एसी गाडीतून दाजीपूरच्या धुक्यात उतरलं की काच बाहेरून धूसर होते आणि काही मिनिटांत निवळते, ते ठीक. धूसरपणा आतून आला तर सील गेलं.

काच सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. जांभ्याची लाल धूळ आणि गळीत हंगामात हवेत उडणारी चिपाडाची काजळी, दोन्ही काचेवर ओरखडे काढतात. आधी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, मग लेन्सचं कापड.

पावसाळ्यात चामडी किंवा कापडी पिशवीत ठेवली की बुरशी धरतेच. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदला. गणपतीच्या सुमारास एकदा पुढच्या काचेतून टॉर्च मारून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर लगेच जाणकाराकडे द्या. उशीर झाला तर बुरशी लेप खाते, आणि मग साफ केल्यावरही डाग राहतो.