डीईएमध्ये स्पेशल एजंट व्हायचे आहे? अर्जापासून नेमणुकीपर्यंत या चुका टाळा

अमेरिकेच्या ड्रग एन्फोर्समेंट ॲडमिनिस्ट्रेशनच्या, म्हणजे डीईएच्या, स्पेशल एजंटने केलेल्या तपासाचा खरा कस न्यायालयात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात लागतो. बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीला उभा राहतो तेव्हा एजंटने पूर्वी कधी खोटे बोलल्याची नोंद त्याच्या हातात असू शकते, कारण ‘ब्रेडी विरुद्ध मेरीलँड’ (१९६३) आणि ‘गिग्लिओ विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ (१९७२) या निकालांनंतर सरकारी साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला बाध आणणारी माहिती आरोपीला देणे सरकारी वकिलांवर बंधनकारक झाले आहे. ज्याच्या शब्दावर ज्यूरी विश्वास ठेवणार नाही, तो एजंट कितीही धाडसी असला तरी खात्याच्या कामाचा राहत नाही. भरतीची सारी प्रक्रिया या एका गोष्टीभोवती रचलेली आहे, हे लक्षात घेतले तर पुढच्या बहुतेक चुका आपोआप टळतील. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया येथील मराठी घरांत वाढलेल्या मुलामुलींचे अर्ज मी जवळून पाहिले आहेत, आणि त्यांतली हुशार, कष्टाळू मुले बाद झाली ती बहुधा अपात्र होती म्हणून नव्हे, तर अर्धवट सांगण्याच्या सवयीमुळे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पद नीट न ओळखता अर्ज करणे

डीईएची स्थापना १ जुलै १९७३ रोजी झाली आणि ती न्याय खात्याच्या अखत्यारीत येते. तिथे जाणारा प्रत्येक जण बंदूक घेऊन फिरणारा एजंट नसतो. गुन्हे अन्वेषकाची, म्हणजे स्पेशल एजंटची, नोकरी संघराज्याच्या नोकऱ्यांच्या वर्गवारीत १८११ या मालिकेत मोडते. डायव्हर्जन इन्व्हेस्टिगेटरची मालिका वेगळी आहे. कायदेशीर औषधे कारखाना, घाऊक विक्रेता, दवाखाना, औषधदुकान या साखळीतून काळ्या बाजाराकडे कुठे वळतात याचा शोध हे अन्वेषक घेतात, आणि त्यासाठी साठ्याची कागदपत्रे, प्रिस्क्रिप्शनच्या नोंदी आणि हिशेब वाचण्याची चिकाटी लागते. याखेरीज गुप्तवार्ता विश्लेषक आहेत, प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ आहेत. आपल्याकडची कितीतरी मुले फार्मसी आणि रसायनशास्त्र शिकतात. त्यांनी केवळ पदाच्या रुबाबाकडे पाहून एजंटचाच अर्ज भरावा, हे मला पटत नाही. दुसरीकडे, अमली पदार्थांचा तपास फक्त डीईएच करते असेही नाही. एफबीआय, होमलँड सिक्युरिटी इन्व्हेस्टिगेशन्स आणि टपाल खात्याचे निरीक्षक हेही त्यात असतात.

वय आणि नागरिकत्व यांचे चुकीचे हिशेब

एजंटची नेमणूक वयाची ३७ वर्षे पूर्ण होण्याआधी व्हावी लागते. ५७ व्या वर्षी निवृत्ती सक्तीची आहे आणि त्या निवृत्तिवेतनासाठी २० वर्षांची सेवा धरलेली आहे. ३७ चा आकडा आला तो या वजाबाकीतून. सैनिकी सेवेमुळे प्राधान्य मिळणाऱ्यांना यात सवलत आहे. मात्र अट नेमणुकीच्या तारखेला लागू होते, अर्जाच्या नव्हे, आणि प्रक्रियेला सहज वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे छत्तिसाव्या वर्षी निवांतपणे अर्ज करणारा माणूस आधीच उशिरा आलेला असतो.

ग्रीन कार्डावर ही नोकरी मिळत नाही. अमेरिकेचे नागरिकत्वच हवे. इथे एक उलटी चूकही आढळते. ज्या मुलाला ग्रीन कार्ड मिळाले होते आणि जो अठरा वर्षांचा होण्याआधी त्याचे आई किंवा वडील नागरिक झाले, तो त्यांच्यासोबत राहत असल्यास २००० च्या बाल नागरिकत्व कायद्याने आपसूक नागरिक होतो. हे ठाऊक नसल्याने काही मुले स्वतःला अपात्र समजून बसतात, आणि काहींकडे नागरिकत्व असते पण ते सिद्ध करणारा कागद नसतो.

मुलग्यांसाठी सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या, म्हणजे गरज पडल्यास सक्तीच्या लष्करभरतीसाठी ठेवलेल्या सरकारी यादीतील, नोंदणीचा प्रश्न वेगळा आहे. एच-४ सारख्या (एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या) वैध व्हिसावर असेपर्यंत ही नोंदणी लागत नाही, परंतु समजा एकोणिसाव्या वर्षी ग्रीन कार्ड हाती पडले, तर ती लागते, आणि सव्विसावा वाढदिवस उलटून गेल्यावर करता येत नाही. जाणूनबुजून टाळली असे ठरले तर संघराज्य सरकारची कोणतीच नोकरी मिळत नाही. असा घोळ झालेला असेल तर त्या काळातील व्हिसाच्या नोंदी आजच गोळा कराव्यात. भारतातून पदवी घेऊन आलेल्यांनी तिचे अमेरिकी समकक्षतेचे मूल्यांकनही वेळेत करून घ्यावे, कारण आपली तीन वर्षांची बी.कॉम. किंवा बी.एस्सी. तिथल्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरली जाईलच असे नाही.

‘इथे तर गांजा कायदेशीर आहे’

न्यू जर्सीत प्रौढांसाठी गांजाची दुकाने एप्रिल २०२२ मध्ये उघडली, कॅलिफोर्नियात त्याआधी, जानेवारी २०१८ मध्ये. तेथे वाढलेल्या तरुणाला गांजा बिअरसारखाच वाटतो आणि तो तसे लिहूनही मोकळा होतो. परंतु राज्याने दिलेली मोकळीक संघराज्याच्या नोकरीला लागू पडत नाही. १९८६ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने संघराज्याच्या कर्मचाऱ्यांना कामावर असताना आणि नसतानाही बेकायदा अमली पदार्थांपासून दूर राहणे बंधनकारक केले आहे, आणि डीईएचे निकष त्याहून कडक आहेत. अमली पदार्थांच्या सेवनाचा इतिहास असलेल्यांना ही संस्था सहसा विचारात घेत नाही. तरुणपणी कुतूहलापोटी केलेले मर्यादित गांजासेवन, तेही नियमित सवय नसेल आणि बाकीची चौकशी निर्मळ निघाली तर, एवढाच काय तो अपवाद.

आपल्या घरांत याला आणखी दोन पदर आहेत. पहिला भांगेचा. भारतातील १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजाच्या व्याख्येतून नुसती पाने वगळलेली आहेत, म्हणून महाशिवरात्रीला किंवा होळीला घेतलेली भांगेची थंडाई तिकडे अनेक ठिकाणी उघडपणे प्यायली जाते. अमेरिकी कायदा मात्र त्या वनस्पतीची पानेही गांजातच मोजतो. ‘प्रसाद म्हणून घेतली, ती कसली नशा’ असे ठरवून प्रश्नाला ‘नाही’ लिहू नये. कधी, कुठे, कोणत्या निमित्ताने आणि किती वेळा, हे साध्या शब्दांत लिहावे आणि ते मोजायचे की नाही हा निर्णय चौकशी करणाऱ्यावर सोडावा.

दुसरा पदर औषधांच्या डब्याचा. भारतातून येणाऱ्या आईच्या किंवा सासूबाईंच्या बॅगेत कमरेच्या दुखण्यासाठी ट्रामाडोलची आणि झोपेसाठी अल्प्राझोलामची एखादी पट्टी असते, आणि पाठ धरली की तिच्यातली एक गोळी घरातल्या कोणालाही मिळते. अमेरिकेत ही दोन्ही औषधे नियंत्रित पदार्थांच्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. परीक्षेच्या रात्री खोलीतल्या मित्राकडून घेतलेली ॲडेरॉलची, म्हणजे एकाग्रता वाढवणाऱ्या उत्तेजक औषधाची, गोळी तर त्याहून कडक अशा दुसऱ्या अनुसूचीतली. औषधांच्या गैरवापराबद्दलचा प्रश्न अर्जात स्वतंत्रपणे विचारलेला असतो, आणि दुसऱ्याच्या नावावरचे औषध घेणे हे त्यातच येते. हे अनेकांच्या ध्यानीमनीही नसते.

एसएफ-८६ आणि गावाकडची जमीन

या पदाला ‘टॉप सीक्रेट’ दर्जाची सुरक्षा मंजुरी लागते आणि तिच्यासाठी एसएफ-८६ ही प्रश्नावली भरावी लागते. गेल्या दहा वर्षांतील प्रत्येक पत्ता, प्रत्येक नोकरी, मधल्या रिकाम्या महिन्यांचा हिशेब, परदेशी नातेवाईक, परदेशी प्रवास, परदेशातील मालमत्ता असे सारे तिच्यात येते. मराठी कुटुंबांतील मुलांचे पाय सर्वांत जास्त इथेच अडकतात.

माझा भाचा ही प्रश्नावली भरत असताना मी त्याच्या शेजारी बसलो होतो. परदेशातील स्थावर मालमत्तेच्या प्रश्नाला त्याने ‘नाही’ निवडले, आणि त्याच्या वडिलांनीही मान डोलावली, कारण वाईजवळची जमीन ‘आजोबांची’ होती. मी सहज महाभूलेखवर गट क्रमांक टाकून सातबारा काढला. आजोबा जाऊन चार वर्षे झाली होती, वारसनोंदीचा फेरफार मंजूर झालेला होता आणि वारसांच्या रांगेत त्याचे नाव छापलेले होते. ‘मामा, माझं नाव यावर कधी चढलं?’ असे त्याने विचारले, तेव्हा त्याच्या वडिलांना आठवले की तलाठ्याकडे कागद देताना काकांनी सगळ्यांचीच नावे दिली होती. ‘नाही’ चे ‘हो’ झाले, फेरफाराचा क्रमांक आणि तारीख टिपणीत गेली, आणि मुलाखतीत त्या जमिनीवर मोजून दोन प्रश्न आले. तेच उत्तर चुकीचे राहिले असते आणि पुढे कोणाच्या नजरेस पडले असते, तर मुद्दा जमिनीचा न राहता खरेपणाचा झाला असता.

म्हणून प्रश्नावली उघडण्याआधी भारतातील वडीलधाऱ्यांना फोन करून सातबारा, आठ-अ, सोसायटीतील सदनिकेचे सहमालक, बँकेतील संयुक्त खाती आणि मुदत ठेवींवरील नावे विचारून घ्यावीत. स्थावराचा प्रश्न केवळ आजच्या मालकीपुरता नसतो. पूर्वी असलेली आणि पुढे मिळण्याची अपेक्षा असलेली मालमत्ताही त्यात विचारली जाते, त्यामुळे ‘वाटणी अजून व्हायची आहे’ हे उत्तर टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. ओसीआय कार्ड आणि जुना भारतीय पासपोर्ट यांचीही नोंद करावी. अमेरिकी नागरिक झाल्यानंतर भारतीय पासपोर्ट परत केला नसेल, तर तो आधी रीतसर जमा करून त्याचे प्रमाणपत्र हाताशी ठेवावे.

नातेवाइकांच्या बाबतीत दोन टोकाच्या चुका होतात. कोणी गावाकडच्या साऱ्या चुलत-मावसभावंडांची जंत्री देतो, तर कोणी सासू-सासऱ्यांनाही विसरतो. आई-वडील, भावंडे, मुले, सासू-सासरे ही नावे द्यावीच लागतात. बाकीच्या परदेशी नागरिकांपैकी गेल्या सात वर्षांत ज्यांच्याशी जवळीक किंवा सततचा संपर्क आहे, तेवढेच लिहायचे असतात. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात रोज सुप्रभात पाठवणारा दूरचा काका आणि दर रविवारी तासभर बोलणारी मावशी यांत फरक करावा, आणि शंका असेल तेथे नाव लिहावे.

चौकशी अधिकारी शेजाऱ्यांकडे, जुन्या घरमालकाकडे, पूर्वीच्या वरिष्ठांकडेही जातो. आपल्या लोकांना सरकारी माणूस दारात आला की धास्ती वाटते आणि मग ‘आम्हाला काही माहीत नाही’ असे तुटक उत्तर दिले जाते. कोणी येऊन विचारील आणि खरे ते सांगावे, एवढे त्यांना आधी सांगून ठेवावे. काय सांगावे हे मात्र कधीही पढवू नये.

पैशाच्या नोंदींतील ढिलाई

थकलेले शैक्षणिक कर्ज, बुडालेली क्रेडिट कार्डे आणि न भरलेला कर हे तिन्ही उमेदवाराच्या विरोधात जातात, कारण कर्जात बुडालेल्या तपासनिसाला विकत घेणे सोपे असते. आपल्याकडे त्यात एका खास गोष्टीची भर पडते. परदेशातील सर्व खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबार हे विवरण भरावे लागते, आणि त्यात वडिलांसोबतचे एनआरओ (अनिवासी भारतीयांचे भारतातील रुपयांचे) खाते किंवा केवळ सहीचा अधिकार असलेले खातेही धरले जाते. मागील वर्षांचे विवरण राहून गेले असल्यास करसल्लागाराच्या मदतीने ते अर्जापूर्वी भरून टाकावे.

पॉलिग्राफ आणि चूक दुरुस्त करण्याची वेळ

पॉलिग्राफ, म्हणजे खोटे पकडण्याच्या यंत्रावरील, चाचणीसाठी इंटरनेटवरील युक्त्या वाचून जाणे ही सर्वांत घातक तयारी होय. आधी तुम्ही काय वाचले, हेही तिथे विचारले जाऊ शकते. चाचणीच्या वेळी खुर्चीत बसल्यावर प्रथमच एखादी गोष्ट ‘आठवणे’ हेही तितकेच वाईट, कारण ती लेखी अर्जात का नव्हती हा प्रश्न लगेच उभा राहतो.

चूक अर्ज पाठवल्यानंतर लक्षात आली, तर काय करावे? ताबडतोब लेखी कळवावे. सुरक्षा मंजुरीच्या निकषांत याला आधार आहे: पुरावा समोर ठेवला जाण्याआधी स्वतःहून, प्रामाणिकपणे आणि तातडीने केलेली दुरुस्ती उमेदवाराच्या बाजूने धरली जाते. पकडले गेल्यावर केलेल्या खुलाशाला ते वजन नसते, आणि संघराज्य सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

शरीर, बदली आणि राजीनामा

शारीरिक चाचणीत उठाबशा नव्हेत तर सिट-अप्स, पुश-अप्स, ३०० मीटरची धाव आणि दीड मैलाची धाव यांचा सराव लागतो. ट्रेडमिलवर कमावलेला दम मैदानावर टिकत नाही, म्हणून मोकळ्या ट्रॅकवर, घड्याळ लावून, सगळे प्रकार एकाच दिवशी क्रमाने करून पाहावेत. ऐकण्याची क्षमता आणि रंगांची ओळखही तपासली जाते. ती आधीच स्वतःच्या डॉक्टरांकडून पाहून घ्यावी. घरगुती हिंसाचाराच्या किरकोळ गुन्ह्यातही दोषी ठरलेल्याला १९९६ च्या दुरुस्तीनुसार शस्त्र बाळगता येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी हा मार्ग बंदच असतो.

व्हर्जिनियातील क्वांटिको येथील सुमारे चार महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर नेमणूक कुठे होईल, हे खात्याच्या गरजेवर ठरते, आणि कुठेही जाण्याची तयारी आधी सही करून द्यावी लागते. मूळ पगारावर २५ टक्के उपलब्धता भत्ता मिळतो खरा, पण तो रोज सरासरी दोन तास जादा आणि वेळीअवेळी कामावर हजर होण्याबद्दल असतो. आईवडील न्यू जर्सीतील एडिसनला, पत्नीची नोकरी तिथेच, आणि नेमणूक मेक्सिकोच्या सीमेवरील गावात, ही शक्यता घरात सर्वांनी बसून अर्जाआधी बोलून घ्यावी.

शेवटची चूक अगदी आनंदाच्या भरात होते. सशर्त प्रस्तावाचे पत्र आले की पेढे वाटले जातात, फेसबुकवर छायाचित्र चढते आणि चालू नोकरीचा राजीनामा दिला जातो. त्या पत्रानंतर वैद्यकीय तपासणी आणि पार्श्वभूमीची चौकशी यांसारखे टप्पे अजून बाकी असू शकतात आणि त्यांतल्या कोणत्याही टप्प्यावर प्रस्ताव मागे घेतला जाऊ शकतो. वेषांतर करून काम करावे लागणाऱ्या माणसाचे छायाचित्र खात्याच्या नावासह सार्वजनिक होणे तर त्याच्याच जिवावर बेतू शकते. प्रशिक्षणाला हजर होण्याची तारीख लिहिलेले अंतिम पत्र हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नये, आणि छायाचित्र तर त्यानंतरही टाकू नये.