गाडी उभी राहिली की पैसे कोण देतो?

हेवीचं, म्हणजे ट्रकचं, लायसन हातात पडलं त्याच आठवड्यात मला दोन ठिकाणांहून निरोप आले. एक नागपूरला लागून असलेल्या वाडीतले शेठ. त्यांच्या स्वतःच्या तीन दहाचाकी गाड्या, महिन्याला १८ हजार आणि वर भत्ता. दुसरी भंडारा रोडवर कापसीकडची कंपनी. चाळीसेक गाड्या, पगार १४ हजार, आणि पहिले दोन महिने जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, एकट्याला गाडी नाही. मी घरी येऊन आईला १८ हजारांचा आकडा सांगितला आणि दुसऱ्या दिवशी वाडीला जाऊन चावी घेतली. आता लाइनवर सहा-सात वर्षं झाली. ट्रेनिंग स्कूलमधून नुकती बाहेर पडलेली पोरं फोन करून विचारतात, "भाऊ, कुठं लागू?" त्या सगळ्यांना सांगतो ते इथं एकदा नीट लिहून ठेवतो.

वाडीच्या नोकरीतला सहावा आठवडा. हिंगण्याहून माल भरून रायपूरला गेलो. भंडारा, साकोली, देवरी, सरळ रस्ता. गोदामावर पोचलो तर पुढं गाड्यांची रांग. चार दिवस गाडी खाली झाली नाही. शेठला फोन केला तेव्हा कळलं की भत्ता चालत्या गाडीचा असतो, उभ्या गाडीचा नाही. चार दिवसांचं जेवण, चहा, आंघोळ, सगळं माझ्या खिशातून. सोबत क्लिनर नव्हता, त्याचा पगार शेठ वाचवत होते. तिसऱ्या रात्री पाऊस आला. ताडपत्रीला आधीच दोन ठिगळं होती, आणि ती बांधायची कशी हे मला स्कूलमध्ये कोणी दाखवलंच नव्हतं. मी ती वरून पसरली आणि रस्सा सरळ ओढून बांधला. मागच्या कोपऱ्यात पाणी साचलं, खालची सहा-सात पोती भिजली. पार्टीनं, म्हणजे ज्याचा माल त्यानं, भाड्यातून पैसे कापले, शेठनं माझ्या पगारातून ६ हजार कापले. मी बोलायला गेलो तर म्हणाले, "पार्टीनं कापले तं मी कुठून देऊ? गाडी तुह्या ताब्यात होती ना बे?"

ताब्यात होती हे खरं. म्हणूनच आता सांगतो, पगार किती हे दुसऱ्या नंबरवर विचारा. पहिला प्रश्न हा, की गाडी उभी राहिली तर काय? गाडी चालू असताना सगळ्या मालकांचं बोलणं सारखंच असतं. उभ्या गाडीत फरक दिसतो.

गाडी रांगेत उभी राहते, बिघडून राहते, कागदासाठी अडवली जाते, किंवा अपघात होतो. रांगेचं वर सांगितलंच. पार्टीकडून मालक हॉल्टिंग, म्हणजे उभ्या दिवसांचे पैसे, घेतो का आणि त्यातलं ड्रायव्हरला काय मिळतं, एवढं स्पष्ट विचारा. चांगल्या ठिकाणी उभ्या दिवसाचा भत्ता ठरलेला असतो आणि मुनीम तो बोलताना अडखळत नाही.

बिघाडाचं विचारताना रात्रीचं विचारा. रात्री दोन वाजता टायर फुटला तर फोन कोण उचलतो? समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. आपल्याकडून मुंबईचं काम त्यामुळे सोपं झालं. पण तो रस्ता सरळ आणि काँक्रीटचा, उन्हाळ्यात टायर तापतात आणि सारख्या वेगात डोळाही लागतो. ट्रकला तिथं ८० ची मर्यादा आहे, ती पाळा. ज्या मालकाच्या गाडीला स्टेपनीच गुळगुळीत आहे, त्याच्या गाडीवर तो रस्ता पहिल्या वर्षी धरू नका.

कागदाचं असं की ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाला, मुदत असते, साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी वाटेत बिघडली की मुदत संपत येते आणि ती वाढवून घ्यावी लागते. मुदत संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास एवढीच सवड असते. वाढवायचं काम ऑफिसचं, पण फोन करायचं काम तुमचं. ऑफिस रात्री बंद होत असेल तर नाक्यावर सकाळपर्यंत तुम्हीच उभे.

ओव्हरलोडवर मी कडक बोलतो, कारण यात पोरं फार अडकतात. दहाचाकीचं गाडीसकट एकूण वजन २८.५ टनांपर्यंत चालतं. त्यावर गेलं की २० हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल तिथंच उतरवायचा. दंड कोण भरणार हे मालकाच्या तोंडून ऐका, दोन माणसांसमोर. वजनकाट्याच्या पावतीचा फोटो प्रत्येक फेरीत काढा आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा. कोळसा आणि रेतीच्या लाइनवर हा दबाव सगळ्यात जास्त. फेरीवर पैसे मिळतात, त्यामुळे "दोन टन वर टाक, काय होते" हे रोजचं असतं. उताराला ते दोन टन ब्रेकवर येतात.

अपघाताबद्दल विचारायला संकोच वाटतो. मलाही वाटायचा. पण विचारा, पॉलिसीमध्ये पगारी ड्रायव्हरचं कव्हर आहे का? त्याचा हप्ता फार मोठा नसतो, तरी काही मालक तेवढंही टाळतात. आणि स्वतः एवढं लक्षात ठेवा, की जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे कायद्यानं ड्रायव्हरवर आहे. जमाव अंगावर आला तर जवळचं ठाणं गाठा आणि तिथून फोन करा.

सात महिन्यांनी मी वाडी सोडली आणि त्याच कापसीच्या कंपनीत गेलो. त्यांनी मला परत तोच नियम सांगितला, दोन महिने शेजारी. सात महिने दहाचाकी एकट्यानं चालवून झालेल्या माणसाला हे मनाला लागतं. तरी बसलो. माझे उस्ताद मूळचे तुमसरचे, वय पन्नाशीच्या पुढं, ३० वर्षं स्टिअरिंगवर.

जबलपूरहून परत येत होतो, गाडी भरलेली. सिवनी सोडलं की कुरईचा घाट लागतो, नागपूरकडे येताना तो उताराचा. मी चालवत होतो. घाटाच्या तोंडाशी त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, खाली उतरले आणि एक-एक चाकाला लोखंडी रॉडनं ठोकत फिरले. मला म्हणाले, "ऐक." भरलेलं चाक टणकन बोलतं, हवा कमी असली की आवाज बसका येतो. मागच्या आतल्या चाकाचा आवाज बसका आला. जोड-चाकात आतलं नरम असलं तर बाहेरून दिसत नाही आणि सगळं वजन बाहेरच्यावर जातं. हे सात महिन्यांत मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कधी तपासलंही नव्हतं. चाक बदलून मग निघालो. उतार सुरू झाल्यावर माझा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. ते शांतपणे म्हणाले, "चढाले जो गेर लागते, उतरतानी बी तोच ठेव. गाडीले इंजनानं धरू दे. ब्रेकवर उभा राहशीन तं ड्रम तापन, अन् मंग पाय कितीबी दाब." आणि ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बोट दाखवलं. सारखा ब्रेक मारत राहिलं की काटा खाली येतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नजरेनं पाहिलं. स्कूलच्या गाडीत आम्ही रिकाम्या हौद्यावर, मैदानात आठचा आकडा काढत शिकलो. तिथं हे समजायला जागाच नसते.

ताडपत्रीही त्यांनीच शिकवली. आधी मधोमध उंच करायची, माल सपाट असेल तर पोत्यांचा उंचवटा करून, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना वाहतं. पुढचा भाग मागच्यावर चढवायचा, उलटा नाही, नाही तर वारा आत शिरतो. रस्सा फुलीसारखा आडवा-तिरपा. एवढंच. ६ हजार रुपये त्या एवढ्याशा गोष्टीत गेले होते.

म्हणून पहिल्या वर्षी तुमच्या शेजारी कोण बसणार हे विचारा. जो म्हणतो "आजच चावी घे" त्याला ड्रायव्हरची घाई आहे, गाडी उभी आहे म्हणून. चांगली माणसं तिथं का टिकत नाहीत, याचा विचार तुम्ही करायचा.

नागपुरात कामाला तोटा नाही. कन्याकुमारीचा ४४ आणि सुरतेकडून पारादीपला जाणारा ५३ हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग इथं एकमेकांना कापतात, त्यामुळे चारही दिशांना गाड्या लागतात. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांना जोडलेल्या गाड्या नवीन माणसाला बऱ्या, ठरलेला रस्ता, ठरलेली पार्टी. उमरेड, वणी, चंद्रपूरकडचा कोळसा जवळचा आहे, बरेचदा रात्री घरी येता येतं, पण टिपरवर गाडी आणि पाठ दोन्ही झिजतात आणि वजनाचं वर सांगितलंच. वेळेच्या पार्सल गाड्या पहिल्या वर्षी घेऊ नका. उशिराला पैसे कापतात आणि त्या भीतीनं माणूस झोप टाळतो. पेट्रोल-डिझेलच्या टँकरला धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसनवर नोंद लागते, ते नंतर बघू. कळमन्याच्या संत्र्याचं काम मला आवडतं, आंबिया बहाराच्या वेळी केबिनपर्यंत वास येतो. पण तो माल उभा राहिला की सडतो, हात बसल्यावर घ्या.

लायसनचं थोडक्यात. ट्रान्सपोर्टसाठी वय २० पूर्ण लागतं, आणि हेवीच्या लर्निंगआधी हलक्या गाडीचं लायसन वर्षभर जुनं असावं लागतं. हे वर्षही वाया घालवायची गरज नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की हलक्या गाडीच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालवाहू गाडीही चालवता येते. छोट्या गाडीवर शहरात सहा-आठ महिने माल पोचवा. कळमना, इतवारीच्या गल्ल्यांमध्ये गाडी मागे घेता आली की ट्रेलरही एक दिवस मागे घेता येतो.

मूळ लायसन कोणाकडे ठेव म्हणून देऊ नका, आधार कार्डही नाही. झेरॉक्स द्या. डिजिलॉकरमधलं लायसन रस्त्यावर चालतं, म्हणून "मूळ आमच्याकडं राहू दे" म्हणणारेही भेटतात. हो म्हणू नका. सुरुवातीला मोठी उचल घेऊ नका, घरात अडचण असली तरी. उचल फिटेपर्यंत नोकरी सोडता येत नाही, मग हॉल्टिंगही बुडतं आणि ओव्हरलोडही चालवावा लागतो. आमच्या वाडीच्या दुसऱ्या ड्रायव्हरचं तसंच झालं. पगार बँकेत घ्या. कंपनीत २० किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ लागतोच, तुमचा खातेनंबर पहिल्या दोन महिन्यांत हातात आला पाहिजे. डिझेलच्या ॲव्हरेजवरून पैसे कापणार असतील तर ते भरल्या गाडीचं की रिकाम्या, आणि टाकी फुल ते फुल मोजणार की अंदाजानं, हे आधीच ठरवा.

झोपेचं बोलल्याशिवाय राहवत नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला ८ तास घातले होते, लांबच्या मार्गावर जास्तीत जास्त १० तास. लाइनवर ते किती पाळलं जातं हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी केबिनमध्ये झोप लागत नाही, आणि मग पहाटे तीनला डोळा लागतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. जुन्या गाडीवर लावत असतील तर किमान पंखा चालतो का आणि मागची सीट झोपण्याएवढी आहे का, आत चढून बघा.

हे सगळं ऑफिसात बसून कळत नाही. संध्याकाळी त्या कंपनीच्या गाड्या जिथं लागतात तिथल्या टपरीवर दोन दिवस चहा प्या. ड्रायव्हर किती जुने आहेत विचारा. क्लिनर आहेत का मोजा. टायर बघा, ताडपत्री बघा. आतून आलेल्या माणसाला विचारा, मागच्या वेळी गाडी उभी राहिली तेव्हा काय झालं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मावसभावाला लायसन मिळालं. तीन ठिकाणी बोलणं झालं होतं. त्याला म्हटलं, तिन्हीकडं एकच प्रश्न विचारून ये. पहिले म्हणाले, "ते पाहून घेऊ ना." दुसऱ्यांनी विचारलं, "काम कराचं हाय का उभं राहाचं हाय?" तिसऱ्या ठिकाणच्या मुनीमानं रजिस्टर उघडून मागच्या महिन्याची पानं दाखवली. कोणत्या गाडीचे किती दिवस उभे, ड्रायव्हरला किती दिले, पुढं सह्या. पगार तिघांत कमी होता. परवा त्याचा फोन आला तेव्हा गाडी देवरीच्या पुढं होती आणि तो अजून शेजारच्या सीटवर होता.