विज्ञानकथा मालिकेत जखमेचा हिशेब कसा ठेवावा

विज्ञानकथा मालिकांमध्ये एक जुनी खोड आढळते. एका भागात मृत्यूच्या दारातून परत आलेले पात्र पुढच्या भागात काहीच घडले नसल्यासारखे वावरते, आणि पहिल्या पर्वात असाध्य ठरलेली व्याधी तिसऱ्या पर्वात एका इंजेक्शनने पळून जाते. भविष्यातले औषध प्रेक्षक बिनतक्रार मान्य करतो. ते लेखकाला सोयीनुसार आठवते आणि सोयीनुसार विसरते, हे मात्र त्याला खटकते. मराठवाड्यात बसून वेबमालिका किंवा श्राव्यमालिका लिहू पाहणाऱ्यांना ही विसंगती कशी टाळता येईल, ते येथे सांगितले आहे.

संहितेला हात घालण्यापूर्वी आपल्या काल्पनिक उपचाराच्या मर्यादा कागदावर उतरवाव्यात. उपचाराने काय साधते हे सगळेच लिहितात. त्याने काय साधत नाही, त्याची किंमत कोण मोजतो आणि तो कोणापर्यंत पोहोचत नाही, हे सहसा कोणी लिहीत नाही, आणि गडबड नेमकी तिथेच होते. ‘स्टार ट्रेक : व्हॉएजर’च्या १९९७ मधील ‘मॉर्टल कॉइल’ या भागात अंतराळजहाजावरचा नीलिक्स मरून अठरा तास उलटल्यावर त्याची सहकारी सेव्हन ऑफ नाइन त्याला बोर्ग नॅनोप्रोब, म्हणजे रक्तात सोडायची अतिसूक्ष्म यंत्रे, वापरून जिवंत करते. मृत्यूपलीकडे काहीच दिसले नाही म्हणून त्याची श्रद्धा कोसळते, हे त्या भागात फार ताकदीने आले आहे. पण इतक्या उशिरा माणूस उठवता येतो असे एकदा दाखवल्यावर त्या जहाजावरच्या पुढच्या प्रत्येक मृत्यूच्या वेळी ‘मग याला का नाही?’ असा प्रश्न उभा राहतो, आणि मालिका त्याला बगल देते. याउलट ‘स्टारगेट एसजी-१’मधील सार्कोफॅगस हे शवपेटीसारखे यंत्र जखमा भरून काढते, मेलेल्यालाही उठवते, मात्र धडधाकट माणसाने वारंवार वापरले तर त्याचे व्यसन लागते आणि स्वभाव बिघडतो, १९९८ च्या ‘नीड’ या भागात नायकांपैकी एक असलेल्या डॅनियल जॅक्सनची तीच गत होते. किंमत ठरलेली असल्यामुळे नायक दर वेळी त्यात जाऊन का झोपत नाहीत, याचा खुलासा करावा लागत नाही.

आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. समजा कथा २०९० सालच्या औसा तालुक्यात घडते आहे, सोयाबीनच्या काढणीत शेवंताबाईंना घोणस चावते आणि ड्रोनने आणलेले नवे औषध त्यांना दोन मिनिटांत उभे करते. इथे थांबून आजचे वैद्यक पाहावे. घोणसच्या विषामुळे रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. म्हणून दवाखान्यात स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग तिरकी करून रक्त गोठले की नाही ते पाहतात. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. ती रक्तातले विष निष्प्रभ करते, परंतु तोवर झालेली इजा भरून काढत नाही, त्यामुळे लस मिळूनही काही रुग्णांना डायलिसिसवर ठेवावे लागते. त्यांतील अनेकांची मूत्रपिंडे काही आठवड्यांत पूर्ववत होतात, काहींची होत नाहीत.

एवढे कळल्यावर लेखकापुढे खरा निर्णय येतो. नवे औषध केवळ विष मारते, की मूत्रपिंडही दुरुस्त करते? दुरुस्त करत असेल, तर सहाव्या भागात मूत्रपिंड निकामी होऊन मरणाऱ्या सरपंचांना ते का दिले नाही, याचे उत्तर आजच शोधून ठेवावे लागेल. करत नसेल, तर शेवंताबाई आठवड्यातून दोनदा लातूरला जाणार, त्या दिवशी त्यांचा खाडा पडणार, रास करायला दुसरे कोणी लागणार, आणि हे सगळे पुढच्या प्रत्येक भागात कुठेतरी दिसले पाहिजे. माझ्या मते दुसरी वाट अधिक कथा देते. ड्रोनच्या चार्जिंगचाही विचार करावा. २०९० मध्ये भारनियमन संपलेले असेल असे गृहीत धरण्याचे काही कारण नाही.

मनावरच्या आघाताच्या बाबतीत चूक आणखी सहज होते, कारण तो दिसत नाही. ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’च्या १९९६ मधील ‘हार्ड टाइम’ या भागात ओब्रायन या पात्राच्या मनात काही तासांत २० वर्षांच्या तुरुंगवासाच्या आठवणी घातल्या जातात आणि तो आत्महत्येच्या टोकाला पोहोचतो. एवढे दाखवून पुढच्या भागांत त्या वर्षांचा जवळजवळ मागमूस राहत नाही. त्याच मालिकेने १९९८ मध्ये नोगच्या बाबतीत मात्र नीट काम केले. युद्धात पाय गमावलेल्या नोगला नवा पाय बसवला जातो, तो वैद्यकीयदृष्ट्या ठणठणीत असतो, तरीही नोग लंगडतो, त्याला वेदना होतात आणि तो यंत्राने उभ्या केलेल्या एका काल्पनिक जगात जाऊन राहतो. शरीर बरे झाले म्हणजे माणूस बरा झाला असे नव्हे, हे तिथे कोणत्याही भाषणाविना कळते.

मराठवाड्यातल्या लेखकाला यासाठी अंतराळात जाण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन उरकून लोक झोपलेले असताना किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे अंगावर कोसळली, आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १०,००० माणसे गेली. अशा धसक्याचे चित्रण करताना पात्राला रडवण्याऐवजी त्याची एक सवय ठरवावी. पहिल्या भागात तो अंगणात खाट टाकतो. सातव्या भागात पाऊस आहे म्हणून आत येतो, पण खाट दाराशीच ठेवतो आणि दाराला कडी लावू देत नाही. हा धसका सगळ्यांनाच देऊ नये. अमेरिकी मनोविकार निदानपुस्तिकेत आघातानंतरच्या या विकाराची (पीटीएसडी) स्वतंत्र नोंद १९८० साली झाली, आणि सध्याच्या निकषांनुसार लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली तरच तसे निदान करतात. तोच भूकंप सोसलेले बहुतेक लोक कालांतराने सावरतात. एकाच घरातल्या दोन भावांपैकी एकाला झोप लागते आणि दुसऱ्याला लागत नाही, हे अधिक खरे वाटेल.

या सगळ्याची एक साधी वही ठेवावी आणि प्रत्येक जखमेला एक ओळ द्यावी. उदाहरणार्थ: ‘भाग ३. शेवंताबाई. घोणस, उजवा घोटा. डायलिसिस मंगळवार-शुक्रवार, भाग ९ मध्ये बंद. बॅटरीशिवाय अंधारात पाऊल टाकत नाहीत, हे शेवटपर्यंत.’ बरे होण्याची तारीख पहिल्याच दिवशी लिहिण्याचा फायदा असा, की नवव्या भागाचा लेखक वेगळा असला तरी त्याला अंदाजपंचे चालावे लागत नाही.

तपशिलाच्या ढोबळ चुका टाळणे त्यामानाने सोपे आहे. मॉनिटरवर सरळ रेघ आली की विजेचा झटका देत नाहीत, कारण पूर्ण थांबलेल्या हृदयाला त्याचा उपयोग होत नाही. छाती दाबतात, मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि प्रौढ व्यक्तीत ५ ते ६ सेंटिमीटर खोल. संहिता पूर्ण झाल्यावर अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात काम केलेल्या एखाद्या डॉक्टरांना किंवा सिस्टरांना ती वाचायला द्यावी, आणि ‘हे शक्य आहे का?’ असे न विचारता ‘यानंतर या माणसाचे काय होईल?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला हो-नाही मिळते, दुसऱ्याला पुढचे तीन भाग मिळतात.

कधी निर्मातेच सांगतात की प्रत्येक भाग सुटा पाहता आला पाहिजे, मागचे ओझे नको. अशा वेळी मोठी जखम देऊन ती दडवण्यापेक्षा जखमच बदलावी. घोणसऐवजी बिनविषारी साप चावू द्यावा, पाय तुटण्याऐवजी मुरगळू द्यावा, आणि भाग संपण्यापूर्वी पात्राला लंगडत का होईना घरी पोहोचू द्यावे.