गाडी बघायला पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा

दरवर्षी मे महिना आला की श्टुटगार्ट परिसरात नव्याने आलेल्या दोन-तीन मराठी कुटुंबांचे फोन येतात. मुलं शाळेतल्या मित्रांकडून व्होनमोबिलच्या, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या, गोष्टी ऐकून आलेली असतात, फिंग्स्टन या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी तोंडावर असते आणि नवऱ्याने नेटवर एक गाडी हेरून ठेवलेली असते. "ताई, उद्या बघायला जातोय, आवडली तर घेऊनच येऊ. काही विशेष बघायचं का?"

हो. ओल बघा. बाकी सगळं त्यानंतर.

आम्ही २०१४ च्या एप्रिलमध्ये पहिली गाडी घेतली. २००१ सालची, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, आल्कोव्हन म्हणतात तसली. किंमत १६,५०० युरो. विकणारे सत्तरीचे आजी-आजोबा. आजींनी केक कापला, आजोबांनी प्रत्येक दिवा लावून दाखवला. कडक ऊन पडलेलं, सगळ्या खिडक्या उघड्या, आत लिंबाच्या साबणाचा वास. इंजिन एका हाकेला सुरू झालं, टायरची नक्षी खोल होती. आम्ही तिथेच सही केली.

जूनमध्ये टिटिझेच्या तळ्यावर गेलो. दोन रात्री सलग पाऊस. तिसऱ्या पहाटे वर झोपलेली मुलगी म्हणाली, "आई, उशी ओली आहे." मी शिडीवर चढून डोकं आत घातलं आणि वास आला. माझं माहेर चिपळूणचं. श्रावणात आजीचं लाकडी कपाट उघडलं की जो वास येतो, तोच. पलंगाच्या कोपऱ्यात भिंतीवर मऊ कापडाचं अस्तर होतं. त्यावर अंगठा दाबला तर नख बुडेपर्यंत आत गेला. वर्कशॉपमध्ये बाहेरचा पत्रा सोडवला तेव्हा आतली लाकडी पट्टी चहात जास्त वेळ राहिलेल्या बिस्किटासारखी हातात आली. दुरुस्तीचे ७,२०० युरो झाले. वकिलाकडे गेलो. त्यांनी करार वाचला आणि सांगितलं की खाजगी विक्रीत दोषांची जबाबदारी नाकारण्याची मुभा आहे, ती जबाबदारी इथे नाकारलेली आहे, आणि विकणाऱ्याला हे ठाऊक होतं हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. त्यांना ठाऊक होतं की नाही, हे आजही मी सांगू शकत नाही.

हे होतं कसं, ते समजून घ्या म्हणजे कुठे बघायचं ते आपोआप कळेल. जुन्या व्होनमोबिलची भिंत म्हणजे बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत प्लायवूड, मध्ये थर्माकोलसारखा फोम आणि लाकडी पट्ट्या. छप्पर आणि भिंत जिथे मिळतात, खिडकी जिथे बसवली आहे, छपरावरची झडप, मागचे दिवे, अशा प्रत्येक सांध्यात रबरासारखी पुट्टी भरलेली असते. दहा-पंधरा वर्षांत ती वाळते, चिरते. पाणी थेंबाथेंबाने आत जातं आणि दोन थरांमध्ये अडकतं. बाहेरून पत्रा चकचकीतच दिसतो. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांना फायबरचं छप्पर आणि लाकडाऐवजी प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या कुजत नाहीत. विकणाऱ्याला हे नक्की विचारा.

म्हणून गाडी बघायला पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. आदल्या दिवशी फोन करून सांगा की खिडक्या-दारं बंद ठेवा. दार उघडल्यावर पहिला श्वास घ्या, बोलणं नंतर. मग वरची सगळी कपाटं रिकामी करायला लावा आणि आतल्या मागच्या कोपऱ्यांत हात घाला. गाद्या उचला. खिडक्यांच्या खालच्या कडा, बाथरूमच्या तळाभोवतीची जमीन, चाकांच्या वरची जागा, मागचे दोन्ही खालचे कोपरे अंगठ्याने दाबा. भिंतीचा कागद लाटेसारखा उचलला गेला असेल किंवा एकाच ठिकाणी नवीन चिकटवला असेल, तर तिथे दोनदा दाबा. ओल मोजायचं छोटं यंत्र बांधकामाच्या दुकानात मिळतं, ते बरोबर न्या. एकच आकडा बघून घाबरू नका. मधल्या भिंतीवर आधी मोजा आणि मग कोपऱ्यात मोजा, फरक बघा.

गाडीची डिश्टिश्काइट्सप्र्युफुंगची वही मागा, म्हणजे दरवर्षी पाणी झिरपतं का ते तपासल्याचे शिक्के. बहुतेक कंपन्यांची गळतीची हमी ही तपासणी वेळेवर केली तरच टिकते. आणि करारात एक ओळ लिहून घ्या: विक्रेत्याला पाण्यामुळे झालेलं कोणतंही नुकसान माहीत नाही. आपल्याला असं मागणं अवघड वाटतं, समोरचा माणूस दुखावेल असं वाटतं. इथे कोणी दुखावत नाही. जर्मन माणूस आपणहून फार सांगणार नाही, पण सरळ विचारलेल्या प्रश्नावर, त्यातून कागदावर, बहुतेक जण खोटं बोलायला धजत नाहीत. मला हा स्वभाव कळायला आठ वर्षं लागली. व्यापाऱ्याकडून घेतलीत तर जुन्या गाडीलाही किमान एक वर्ष त्याची जबाबदारी असते. हजार-दीड हजार जास्त गेले तरी पहिली गाडी व्यापाऱ्याकडूनच घ्या असं माझं ठाम मत आहे.

आता गाडी कुठली. ऑफिसातले पन्नाशीपुढचे जर्मन सहकारी मोठ्या प्रेमाने मोठी गाडी सुचवतात. त्यांचं ऐकताना एक लक्षात ठेवा: ज्यांनी १९९९ च्या आधी लायसन्स काढलं त्यांना साडेसात टनांपर्यंत चालवता येतं. तुम्हाला येत नाही. तुमचं भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा देऊन क्लास बी मिळतो आणि त्याची मर्यादा ३,५०० किलो. गाडीचं आत्ताचं वजन नव्हे, कागदावरचं कमाल वजन.

आणि या ३,५०० मध्येच नवीन लोक फसतात. आमच्या आत्ताच्या गाडीचं कागदावरचं सामानाशिवायचं वजन २,९६० किलो आणि कमाल ३,५००, म्हणजे आणखी ५४० किलो चालतं. ऐकायला भरपूर वाटतं. त्या २,९६० मध्ये ७५ किलोचा ड्रायव्हर आणि जवळजवळ भरलेली डिझेलची टाकी धरलेली आहे, बाकीची माणसं नाहीत. नवरा-बायकोतलं दुसरं माणूस आणि दोन मुलं मिळून १६०. पाण्याची टाकी पूर्ण भरली की कंपनीने धरलं त्यापेक्षा आणखी ८० लिटर, म्हणजे ८० किलो. बाहेरची गुंडाळायची छत्री २५. चार सायकली आणि त्यांचा स्टँड ७०. गॅसची दुसरी बाटली २४. राहिले १८० किलो, त्यात कपडे, पांघरुणं, खुर्च्या, टेबल, भांडी, तांदूळ, पीठ. पहिल्या ट्रिपला सगळं भरून सार्वजनिक वजनकाट्यावर जा, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगळा मोजा. सायकली मागे लटकवल्या की मागचा ॲक्सल आधी हद्द ओलांडतो. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये गाडी बाजूला घेऊन काट्यावर चढवतात.

चौघांच्या कुटुंबाला माझा सल्ला कास्टनवागनचा, म्हणजे डिलिव्हरी व्हॅनच्या पोलादी अंगाचीच गाडी. यातल्या बहुतेक फियाट डुकाटो किंवा तिच्या जुळ्या बहिणी, प्यूजो बॉक्सर आणि सिट्रोएन जम्पर, यांच्यावर बांधलेल्या असतात. लांबी ५.४१, ५.९९ किंवा ६.३६ मीटर, रुंदी २.०५. भिंतीला जोड कमी, म्हणून गळतीची भीती कमी. गंज मात्र बघावा लागतो. मुलांसाठी वर उघडणारं छप्पर किंवा मागे दुमजली पलंग असलेली निवडा. मोझेल नदीच्या काठच्या गावांतल्या गल्ल्यांतून जाताना त्या कमी रुंदीची किंमत कळते. फोल्क्सवागनची कॅलिफोर्निया त्याहून लहान, उंची दोन मीटरच्या आत, त्यामुळे शहरातल्या बऱ्याच पार्किंग इमारतींत शिरते आणि रोजच्या वापरालाही चालते. पण पावसात चौघं जण तीन दिवस त्यात राहून बघा, आधी भाड्याने घेऊन. भाड्याने घ्यायचीच तर ऑक्टोबरमध्ये घ्या. ऑगस्टमध्ये सगळ्याच गाड्या छान वाटतात.

जाहिरातीत चार झोपायच्या जागा लिहिलेल्या असल्या म्हणजे सीटबेल्टच्या चार बसायच्या जागा असतीलच असं नाही. गाडीच्या कागदांत बसायच्या जागांचा आकडा असतो, तो वाचा. मुलांची सीट घरून घेऊन जा आणि बाकावर प्रत्यक्ष बसवून बघा. १२ वर्षं किंवा १५० सेंटिमीटर, यातलं जे आधी होईल तोपर्यंत ती लागते, आणि जुन्या गाड्यांच्या बाकाला आयसोफिक्सचे, म्हणजे ती सीट अडकवायचे, हूक बहुधा नसतात.

यातूनच आई-बाबांचा प्रश्न येतो. ते उन्हाळ्यात तीन महिने येणार, मग सहा जणांची गाडी घेऊ, असं निम्मे लोक म्हणतात. घेऊ नका. साडेतीन टनांत सहा माणसं आणि त्यांचं सामान बसत नाही, आणि सत्तरीच्या माणसाने रात्री दोनदा शिडी उतरावी हे बरं नाही. बऱ्याच कॅम्पिंगप्लात्झवर लाकडी खोल्या भाड्याने मिळतात. आमचे आई-बाबा आणि नवरा ट्रेनने बोडनझेला आले, मी मुलांना घेऊन गाडीने गेले. आई खोलीच्या पायरीवर बसून तळ्याकडे बघत चहा प्यायची. सहा जणांच्या गाडीत तिला ते मिळालं नसतं.

स्वयंपाकाबद्दल थोडं सविस्तर, कारण आपले लोक इथे ओल स्वतः तयार करतात. बंद गाडीत कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की ती सगळी वाफ थंड भिंतींवर आणि गादीच्या खाली बसते. शिवाय चौघांचा रात्रभराचा श्वास. पोलादी कास्टनवागनला तर आतून अक्षरशः घाम सुटतो. कुकर आणि फोडणी बाहेर, छत्रीखाली, वेगळ्या शेगडीवर. बाहेर गॅसचा सॉकेट असलेली गाडी मिळाली तर उत्तमच. झोपताना छपराची झडप बोटभर उघडी ठेवा, थंडीतही. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घाला. सकाळी खिडक्यांवरचं पाणी फडक्याने टिपून घ्या. हे आम्ही रोज करतो, दहा मिनिटांचं काम आहे.

टॉयलेटची पेटी साधारण १८ लिटरची असते आणि ती कागद वापरणाऱ्यांच्या हिशोबाने केलेली आहे. आपण पाणी वापरतो, ती दीड-दोन दिवसांत भरते. लहान मग ठेवा, दुसरी पेटी विकत घ्या, आणि कॅम्पिंगप्लात्झवर असताना तिथलंच टॉयलेट वापरा.

गॅसमध्ये प्रोपेनच घ्या. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू होणं थांबवतो आणि हीटर बंद पडतो. जर्मन बाटली फ्रान्स-इटलीत बदलून मिळत नाही, म्हणून निघतानाच दोन भरलेल्या हव्यात. गॅसची तपासणी दर दोन वर्षांनी, तिचा पिवळा दाखला बघून मगच गाडी घ्या.

टायरची नक्षी बघून फसू नका, आम्ही फसलो होतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. या गाड्या उभ्याच जास्त असतात, टायर झिजत नाहीत, आतून म्हातारे होतात.

विम्यात गारपीट धरलेली असू द्या. वर्षभर चालवणार नसाल तर मोसमी नंबरप्लेट घ्या, एप्रिल ते ऑक्टोबर अशी, कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. बाकीच्या महिन्यांत मात्र ती सार्वजनिक रस्त्यावर उभी करता येत नाही, तेव्हा जागा आधी शोधा.

रात्री कुठेही थांबू नका. गाडी चालवण्याइतकी विश्रांती घ्यायला एखाद्या पार्किंगमध्ये, जिथे मनाई नाही तिथे, एक रात्र झोपलेलं चालतं. खुर्च्या बाहेर काढल्या, छत्री उघडली की तो कॅम्पिंगचा प्रकार झाला आणि दंड होतो. श्टेलप्लात्झ, म्हणजे अशा गाड्या रात्री उभ्या करायच्या ठरवून दिलेल्या जागा, स्वस्त असतात. कॅम्पिंगप्लात्झवर दुपारी एक ते तीन बऱ्याच ठिकाणी फाटकही बंद असतं आणि रात्री दहानंतर शांतता. पाच मराठी कुटुंबं एकत्र गेली की अंताक्षरी अकरापर्यंत चालते, हे मी पाहिलं आहे, आणि पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी आपल्या लोकांना जागा नसल्याचं कळवलं गेलं तेही पाहिलं आहे. दोन कुटुंबं जा, त्याहून जास्त नको.

शरद ऋतूत, पाणी गोठवणारी पहिली थंडी पडायच्या आत, टाकी, नळ, पंप आणि बॉयलरमधलं पाणी पूर्ण काढा आणि नळ उघडे ठेवा. नळीत राहिलेलं पाणी गोठलं की नळी फुटते आणि वसंतात टाकी भरताच ते पाणी जमिनीखाली जातं. तुम्हाला कळेपर्यंत लाकूड भिजलेलं असतं.

ओल मोजायचं यंत्र विकत घ्यायचं नसेल तर आमचं घेऊन जा. वापरायच्या आधी बॅटरी बदला, कमी बॅटरीवर ते कोरडं दाखवतं.