‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ म्हणणारी बातमी मुळापर्यंत जाऊन कशी तपासाल?

पूर्वी शोधनिबंध आधी नियतकालिकाकडे जायचा. तज्ज्ञ तो तपासायचे, शंका काढायचे आणि कित्येक महिन्यांनी तो छापून यायचा. १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी अमेरिकेतल्या लॉस अलामोस इथे ‘आर्काइव्ह’ (arXiv) हे शोधनिबंधांचं ऑनलाइन भांडार सुरू केलं आणि भौतिकशास्त्रज्ञ न तपासलेला मसुदा, म्हणजे प्रीप्रिंट, थेट इंटरनेटवर ठेवू लागले. जीवशास्त्रासाठी २०१३ मध्ये ‘बायोआर्काइव्ह’ आलं, वैद्यकासाठी २०१९ मध्ये ‘मेडआर्काइव्ह’. तिन्ही सगळ्यांना फुकट खुली आहेत. त्यामुळेच हा कच्चा मसुदा आता आपल्या व्हॉट्सॲपवरही येऊन पडतो.

आधी मूळ निबंध गाठा. बातमीत लिंक नसेल, तर संशोधकाचं नाव आणि विषयाचे दोन-तीन इंग्रजी शब्द गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधायच्या साइटवर टाका.

सापडला की तो नियतकालिकात आलाय की प्रीप्रिंट आहे, ते पाहा. नंतर रीतसर छापून आला असेल, तर बायोआर्काइव्ह बहुतेक वेळा शीर्षकाखालीच तशी लिंक देतं.

मग आवृत्ती बघा. ही पायरी अजिबात गाळू नका. आर्काइव्हवर निबंधाच्या क्रमांकापुढे ‘व्ही१’, ‘व्ही२’ असं लिहिलेलं असतं. जुन्या आवृत्त्या पुसल्या जात नाहीत, त्यामुळे काय बदललं ते ताडून पाहता येतं. ३१ जानेवारी २०२० ला दिल्लीतल्या संशोधकांचा एक प्रीप्रिंट बायोआर्काइव्हवर आला. नव्या करोना विषाणूच्या प्रथिनातले चार तुकडे एचआयव्हीशी विलक्षण जुळतात, असा त्यात दावा होता. ‘विषाणू प्रयोगशाळेत बनवला’ असा अर्थ काढून लोकांनी तो जगभर पसरवला. पण इतर शास्त्रज्ञांनी लगेच दाखवून दिलं, की इतके छोटे तुकडे कितीतरी सजीवांत सापडतात. २ फेब्रुवारीला लेखकांनी निबंध मागे घेतला. ज्या खुलेपणामुळे चूक पसरली, त्यामुळेच ती दोन दिवसांत पकडलीही गेली. म्हणून मला प्रीप्रिंटची ही खुली पद्धत मनापासून हवीशी वाटते. त्या निबंधाच्या पानावर आजही ‘विथड्रॉन’ हा शब्द दिसतो. फॉरवर्डमध्ये मात्र तो कधीच नव्हता.

शेवटी निबंधाचं शीर्षक ‘पबपीअर’ (PubPeer) या निबंधांवर चर्चा होणाऱ्या साइटवर शोधा. छापून आलेल्या निबंधांतल्याही फेरफार केलेल्या आकृत्या आणि चुकलेली आकडेमोड तिथे इतर संशोधक दाखवून देतात.

एवढं करून निबंध प्रीप्रिंटच निघाला, तर पुढे पाठवताना वर एक ओळ लिहा: ‘अजून तज्ज्ञांनी तपासलेला नाही’. आणि मूळ लिंकही जोडा.