ब्लॅकबेरी वाइनसाठी श्रीखंडाचं फडकं

इंग्लंडात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रस्त्याकडेला ब्लॅकबेरी फुकट मिळतात, पण त्यांची वाइन गाळताना जीव जातो. गराने गाळणी तुंबते, ओटा जांभळा होतो. आपण चक्का बांधतो तसं फळ आधीच बांधून ठेवलं की हे सगळं टळतं.

१. दीड-दोन किलो फळ धुऊन दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. ही पायरी गाळू नका. गोठून सुटलेलं फळ बोटाने दाबलं तरी फुटतं आणि रस भराभर सुटतो.

२. मलमलचं फडकं उकळून घ्या, त्यात फळ सैल बांधून झाकणाच्या स्वच्छ प्लास्टिक बादलीत ठेवा. वर एक किलो साखर आणि तीन लिटर उकळतं पाणी घाला.

३. पूर्ण कोमट झाल्यावरच चमचाभर वाइन यीस्ट घाला. गरम पाण्यात ते मरतं.

४. पाच-सहा दिवस सकाळ-संध्याकाळ उकळलेल्या डावाने पुरचुंडी खाली दाबा. नाहीतर वर तरंगणाऱ्या फळाला बुरशी धरते.

५. मग पुरचुंडी बादलीवर तासभर टांगा. पिळायचा मोह आवरा, पिळली की गढूळपणा महिनोन् महिने जात नाही. रस साडेचार लिटरच्या काचेच्या बरणीत ओता, एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारं, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारं बूच) लावा.

बुडबुडे थांबून वाइन नितळ होईपर्यंत ती घट्ट बुचाच्या बाटलीत भरू नका. आत गॅस साठून काच फुटते.