क्लॉक स्प्रिंग बदलताय? मग या चुका टाळा

गाडी सरळ असताना हॉर्न वाजतो, वळणावर वाजत नाही. स्टिअरिंगवरची आवाज कमी-जास्त करायची बटणं मेलेली. मीटरमध्ये एअरबॅगची बत्ती पेटलेली, ती विझायचं नाव घेत नाही. ही तिन्ही लक्षणं एकदम दिसली की दहातल्या नऊ वेळा दोष क्लॉक स्प्रिंगचा असतो. काही जण तिला स्पायरल केबल म्हणतात. स्टिअरिंगच्या मागे प्लॅस्टिकची चपटी डबी असते, तिच्यात घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक पातळ पट्टी. स्टिअरिंगचं चाक फिरतं, त्याच्या तारा जिथं जोडलेल्या असतात ती गाडीची बाजू फिरत नाही. मधल्या तारांना पीळ पडू नये म्हणून ही पट्टी उलगडते आणि परत गुंडाळली जाते. एवढंच तिचं काम.

पण नुसता हॉर्न गेलाय आणि बत्ती पेटलेली नाही, तर आधी फ्यूज बघा, मग रिले (हॉर्नला करंट देणारा छोटा स्विच), मग पुढे हॉर्नपाशी जाऊन त्याची अर्थिंग. पावसाळ्यानंतर माझ्याकडे हॉर्नच्या ज्या गाड्या येतात, त्यांतल्या बऱ्याच गंजलेल्या अर्थिंगच्या असतात. पन्नास रुपयांच्या कामासाठी स्टिअरिंग खोलून बसलेले लोक मी पाहिलेत.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: नवी क्लॉक स्प्रिंग खोक्यातून काढायची आणि 'कशी फिरते बघू' म्हणून फिरवायची. नव्या डबीवर एक खुंटी, पिन किंवा स्टिकर असतो. पट्टी बरोबर मध्यावर थांबवून ठेवलीय याची ती खूण. चाक बसवायच्या आधी शेवटच्या क्षणीच ती काढायची असते. पण नाही! हात शिवशिवतात.

साताऱ्यातला एक पोरगा, नोकरीला पुण्यात, दिवाळीला घरी आलेला. पार्ट ऑनलाइन मागवला, व्हिडिओ बघितला आणि अंगणातच काम उरकलं. मला फोन करून वर ऐकवलं, "काका, तुम्ही उगाच घाबरवता, तासाभरात झालं!" हॉर्न वाजत होता, बत्ती विझली होती. मी म्हटलं, छान. दुसऱ्या दिवशी तो पुण्याला निघाला. फाटकातून सरळ रस्त्यावर, तिथून हायवे. खंबाटकीच्या बोगद्यापुढचं एस वळणसुद्धा सुखरूप पार पडलं, कारण हायवेवर चाक पूर्ण असं फिरतच नाही. पुण्यात सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरताना त्यानं पहिल्यांदा स्टिअरिंग उजवीकडे टोकापर्यंत मारलं. कट्ट असा आवाज आला. हॉर्न गेला, बटणं गेली, बत्ती परत पेटली. खुंटी मोडून त्यानं डबी गरागरा फिरवून बघितली होती आणि जिथं थांबली तिथंच बसवली होती. पट्टीला एका बाजूला ढील भरपूर, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीच. नवा कोरा पार्ट दीड दिवसात कचऱ्यात, आणि इलेक्ट्रिकचा पार्ट म्हणून दुकानदार परत घेईना. त्यात दुकानदाराचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

खुंटी मोडलीच असेल तर उपाय आहे. डबी हातात धरून एका दिशेला अगदी हलक्या हातानं, अडेपर्यंत फिरवा. मग उलट दिशेला फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत वेढे मोजा. समजा पाच भरले, तर अडीच वेढे मागे या. डबीवरचे बाण बहुतेक वेळा तिथं समोरासमोर येतात. मोजताना माझ्याशी कुणी बोललेलं मला चालत नाही, आणि पहिल्या मोजणीवर माझा विश्वास नसतो, दोनदा मोजतो. पुढची चाकंही तेव्हा सरळच हवीत. स्टिअरिंग काढायच्या आधीच ती सरळ करून ठेवायची, नंतर नाही.

बॅटरी. निगेटिव्ह केबल काढल्याशिवाय एअरबॅगला हात लावायचा नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण केबल काढली की लगेच पेचकस घेऊन बसतात. अपघातात बॅटरीची तार तुटली तरी बॅग उघडावी म्हणून एअरबॅगच्या कॉम्प्युटरमध्ये कपॅसिटर असतो, त्यात थोडा वेळ चार्ज उरतो. कुठल्या गाडीच्या पुस्तकात दीड मिनिट थांबा म्हणतात, कुठल्या जास्त. मी केबल काढतो, टोकाला चिंधी गुंडाळतो आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन चहा पिऊन येतो. पंधरा मिनिटं आरामात जातात. बॅग उघडायला मात्र सेकंदाचा विसावा भागही लागत नाही, तेव्हा तोंड बाजूला घेऊ वगैरे विसरा.

बॅग काढल्यावर तिची गादीची बाजू वर ठेवायची. पालथी ठेवून चुकून उडाली तर ती भिंगरीसारखी कुठं जाईल सांगता येत नाही. बॅगेच्या तारांच्या पिवळ्या कपलरमध्ये (जोडणीच्या टोकात) मल्टीमीटरच्या सुया घालू नका. ओहम (तारेचा रोध) मोजताना मीटर स्वतःच करंट सोडतो, त्यानं बॅग उडू शकते.

स्टिअरिंगचा नट पूर्ण काढून चाक ओढू नका. दोन आटे राहू द्या, मग हलवून सैल करा. माझ्या खालच्या ओठावर दोन टाक्यांची खूण आहे, ती शिकाऊ असतानाची. आणि चाक काढायच्या आधी शाफ्ट आणि चाकावर मिळून एक पांढरी रेघ मारा, नाहीतर एक दात इकडंतिकडं बसतो आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं दिसतं.

ज्या गाड्यांत ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) आहे, त्यांच्या अनेक मॉडेलमध्ये चाक किती वळलंय ते सांगणारा स्टिअरिंग अँगल सेन्सर क्लॉक स्प्रिंगपाशीच असतो. त्याला स्कॅनरनं शून्य दाखवून द्यावं लागतं. ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ओबीडी रीडर (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतो. एअरबॅगचा कोड त्यानं दिसला नाही म्हणजे कोड नाही, असं समजू नका.

शॉर्टकटबद्दल एकच सांगतो. एका गृहस्थांनी जुनी गाडी घेतली होती, हॉर्नसाठी माझ्याकडे आले. चावी फिरवली की एअरबॅगची बत्ती पेटून विझत होती, म्हणजे सगळं ठीक. पॅड उघडलं तर पिवळ्या कपलरमध्ये टेपनं गुंडाळलेला दोन ओहमचा रेझिस्टर! कॉम्प्युटरला वाटत होतं बॅग जोडलेली आहे. खऱ्या बॅगेची तार मोकळीच लोंबत होती. वर्षभर ते बायकामुलांना घेऊन त्या गाडीतून फिरत होते. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, आणि इथं कुणीतरी दहा रुपयांत ती रद्द करून ठेवली होती. ज्यानं केलं त्याला मी भेटलो नाही, त्याचं नशीब.

शेवटची चूक क्लॉक स्प्रिंग बदलताना होत नाही, पण त्यातूनच मला निम्मी गिऱ्हाइकं मिळतात. पॉवर स्टिअरिंगच्या रॅकचं, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या भागाचं, काम करताना स्टिअरिंगच्या शाफ्टचा खालचा जॉइंट सोडतात, आणि स्टिअरिंगचं चाक मोकळं होतं. कुणीतरी गाडीत बसताना आधाराला त्यालाच धरतं, ते चार-पाच वेढे फिरतं, आणि पट्टी आतल्या आत तुटते. गाडी परत मिळते तेव्हा रॅक नवीन, हॉर्न गेलेला, आणि 'तो आधीपासूनच गेला होता' हे उत्तर तयार. रॅकला गाडी देत असाल तर आधी चाकं सरळ करा, ड्रायव्हरचा सीट बेल्ट ओढून स्टिअरिंगच्या दांड्यातून घाला आणि बकलात अडकवा. बेल्ट पोहोचत नसेल तर सुतळीनं बांधा, आणि हॉर्न वाजवून दाखवूनच चावी त्यांच्या हातात द्या.